सगळं घर एकत्र बसून हसेल असा पिक्चर कसा शोधायचा

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की आमच्याकडे एकच प्रश्न असतो, आज काय लावायचं. हॉलमध्ये सासूबाई असतात, वय ७४, ऐकायला जरा कमी येतं. नवरा, मी, पंधरा वर्षांचा मुलगा ज्याला सगळंच बोअर होतं, सहा वर्षांची लेक चिमी, आणि बऱ्याच शनिवारी नणंदेचा अकरा वर्षांचा मुलगा राहायला आलेला असतो. म्हणजे सहापासून चौऱ्याहत्तरपर्यंत. आधी अर्धा तास नुसतं रिमोटने वर-खाली करण्यात जायचा, मग कोणीतरी म्हणायचं लाव गं हाच, कॉमेडी लिहिलंय ना, आणि विसाव्या मिनिटाला असं काहीतरी यायचं की सासूबाई पाणी प्यायला उठणार, मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालणार, आणि मी उशांखाली रिमोट शोधतेय. ज्यांच्या घरी तीन पिढ्या आहेत त्यांना हे सांगायला नको.

गेल्या दोन-तीन वर्षांत मी यात बरंच लक्ष घातलं, कारण मला खरंच वाटतं की सगळ्यांनी मिळून हसणं ही घरातली फार मोठी गोष्ट आहे, दिवसभर जो तो आपापल्या स्क्रीनमध्ये असतो, निदान आठवड्यातून दोन तास तरी एकाच गोष्टीवर एकाच वेळी हसू यावं. तर मी काय करते ते सगळं सांगते, तुमच्या घरात यातलं जे लागू पडेल ते घ्या.

पहिलं म्हणजे आधी माणसं बघा, मग पिक्चर. आपण उलटं करतो, पिक्चर ठरवतो आणि मग सगळ्यांना बसवतो. मी दोन टोकं बघते, घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं माणूस, त्या दोघांना चाललं तर मधल्यांचं जमून जातं. लहानाला काय चालत नाही तर भीती, फार बोलबोल, आणि दोन तासांच्या वर लांबी. मोठ्यांना काय चालत नाही तर चावटपणा, कर्कश आवाज, आणि पटापट बदलणारी दृश्यं, सासूबाई म्हणतात डोळ्यांपुढे नुसतं भिरभिरतं. या दोन्ही यादीत न बसणारं जे उरतं त्यातूनच निवडायचं. तुमच्याकडे टोकं वेगळी असतील, घरात लहान मूल नसेल तर मग बरंच काही मोकळं होतं.

आता सर्टिफिकेट. हे आपण बघतच नाही, सुरुवातीला दहा सेकंद दिसतं ते, आपण तेव्हा पॉपकॉर्न वाटत असतो. त्यावर मोठं अक्षर असतं. आणि इथे एक गंमत आहे, देवनागरीत 'अ' दिसलं की बरेच जण दचकतात, त्यांना वाटतं ए म्हणजे प्रौढांसाठीचा, पण ते तसं नाहीये, 'अ' म्हणजे अनिर्बंधित, म्हणजे इंग्रजीतला यू, सगळ्यांसाठी. प्रौढांसाठीच्या पिक्चरला 'व' असतं, वयस्कांसाठी. मधला 'अ/व' म्हणजे यूए. पूर्वी यूए म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांनी विचार करून दाखवा एवढंच होतं, आता २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचे तीन भाग झालेत, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हे मला फार उपयोगी वाटतं, कारण आधी एकाच यूएमध्ये साधा गोड पिक्चरही असायचा आणि मारधाड-शिव्यांचाही.

ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मने स्वतःच वयोगट लावायचा असतो, यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए, आणि सोबत कारणही द्यायचं असतं, भाषा, हिंसा, व्यसन वगैरे. ते कारण वाचा, नुसता आकडा बघू नका. १३+ भीतीदायक दृश्यांमुळे असेल तर माझ्या मुलाला आणि भाच्याला चालेल, लेकीला नाही. १३+ 'अश्लील संवाद' मुळे असेल तर मुलांचं सोडा, आजीसमोर तो मलाच नको.

जुन्या पिक्चरांबाबत एक लक्षात ठेवा. १९८३ पर्यंत आपल्याकडे यू आणि ए एवढे दोनच प्रकार होते, यूए नंतर आला. त्यामुळे १९८३ च्या आधीच्या पिक्चरला यू असेल तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की तो ए नव्हता. आज ज्याला १३+ मिळेल असंही कितीतरी त्या यूमध्ये बसून गेलेलं आहे.

आणखी एक घोळ होतो तो टीव्ही आणि ओटीटीचा. टीव्हीवर ए सर्टिफिकेटचा पिक्चर आहे तसा दाखवता येत नाही, काटछाट करून यू किंवा यूए घ्यावं लागतं. त्यामुळे 'अगं मी बघितलाय हा टीव्हीवर, एकदम छान आहे' असं कोणी सांगितलं तरी तुमच्या ओटीटीवर असलेला तोच पिक्चर वेगळा असू शकतो. आमच्याकडे असं झालेलं आहे. टीव्हीवर दुपारी दोनदा बघितलेला म्हणून मीच मोठ्या विश्वासाने लावला होता आणि मधे एक अख्खं गाणं आणि दोन सीन असे आले जे मी आयुष्यात पाहिले नव्हते. तेव्हापासून मी विचारते, कुठे बघितलास?

ट्रेलरवर तर अजिबात जाऊ नका, तो वेगळीच माणसं वेगळ्याच हेतूने कापतात, चांगल्या घरगुती पिक्चरच्या ट्रेलरमध्ये मुद्दाम एक चावट वाक्य ठेवतात आणि पाचकळ पिक्चरच्या ट्रेलरमध्ये आजी-आजोबांचे गोड सीन. मी काय करते, शुक्रवारी रात्री भांडी आवरून झाली की इयरफोन लावून पिक्चरची पहिली वीस मिनिटं बघते, मग मध्यंतराच्या आसपासची दहा, आणि मग नुसती गाणी पळवत बघते. विनोदी पिक्चरचं खरं रूप पहिल्या वीस मिनिटांतच कळतं, कारण हसवायची घाई तिथेच असते, आणि जर तिथेच कुणाच्या अंगावरून, कपड्यावरून जोक सुरू झाले असतील तर पुढे ते वाढतच जातात, कमी होत नाहीत. गाणी बघायचं कारण म्हणजे बाकी सगळा सोवळा असलेल्या पिक्चरमध्येही एक आयटम साँग घुसवलेलं असतं, ते कितव्या मिनिटाला आहे माहीत असलं की त्या वेळी चहा ठेवायचा ब्रेक घेता येतो. वेळ नसेल तर आयएमडीबी या पिक्चरांच्या वेबसाइटवर प्रत्येक पिक्चरच्या पानावर पालकांसाठी एक भाग असतो, त्यात नग्नता, हिंसा, शिव्या, दारू-सिगारेट आणि भीतीदायक दृश्यं असं वेगवेगळं लोकांनी लिहिलेलं असतं. इंग्रजी आणि मोठ्या हिंदी पिक्चरांसाठी तो छान चालतो. मराठीसाठी तिथे फारसं कोणी लिहीत नाही, तिथे आपल्या बिल्डिंगचा व्हॉट्सअॅप ग्रुपच बरा.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

मागच्या दिवाळीत आम्ही एक पिक्चर लावला होता. सर्टिफिकेट यू, चावट काही नाही, शिव्या नाहीत, दारू नाही, मी शुक्रवारी बघून ठेवलेला. त्यात एक नोकराचं पात्र होतं जे बोलताना अडखळतं, आणि तो बोलायला लागला की बाकीचे सगळे त्याची नक्कल करणार, त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत दुसरंच काहीतरी समजून पळणार, असं तीन-चार वेळा येतं. सगळे हसत होते. सासूबाई हसत होत्या, माझी लेक तर सोफ्यावर लोळत होती. आणि माझं लक्ष भाच्याकडे गेलं. तो अडखळतो. शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही त्याचा प वर अडकतो, आणि हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, घरात त्याचं कोणीही काही वाटून घेत नाही इतकं ते सवयीचं आहे, म्हणूनच कदाचित ते माझ्या डोक्यात आलंच नाही. तो मांडीवर उशी घेऊन बसला होता आणि उशीच्या अभ्र्याची चेन उघडत होता, लावत होता, उघडत होता, लावत होता. पिक्चर संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. रात्री झोपताना मला म्हणाला, मामी, तो माणूस शेवटी नीट बोलतो का? मी बघितलाच नव्हता शेवट.

त्या दिवसापासून माझी पिक्चर तपासायची पद्धतच बदलली. चावटपणा असला तर आपण निदान रिमोट तरी शोधतो, पण हे असं असलं तर आपण सगळे हसत बसतो आणि एक जण आत आत मिटून जातो, कोणाला कळत पण नाही. म्हणून आता मी पहिला प्रश्न हा विचारते की हसू कोणावर आहे. कोणाच्या जाडेपणावर आहे का, काळ्या रंगावर, टकलावर, बोबड्या किंवा अडखळत्या बोलण्यावर, कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यावर (हो, सासूबाईंना मशीन लागल्यापासून बहिऱ्याचे जोक त्यांना आवडत नाहीत, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मी बघते ना), बायकोला मारण्यावर, लग्न न झालेल्या मुलीवर, गावाकडच्या बोलीवर. आणि मग आपल्या हॉलमध्ये कोण बसणार आहे ते आठवायचं. मावशी येणार आहे का जिचा घटस्फोट झालाय, शेजारचा मुलगा येणार आहे का ज्याच्या घरी दारूचा त्रास आहे, कारण दारुड्याचा सीन आपल्याला विनोदी वाटतो, त्याला नाही वाटणार. कोणत्याही सर्टिफिकेटवर हे लिहिलेलं नसतं. तुमच्या घरातली माणसं फक्त तुम्हाला माहीत असतात.

मग हसायचं कशावर? तर घोळावर. माझा अनुभव असा की सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात जास्त हसवणारे पिक्चर हे घोळाचे असतात, म्हणजे कोणीतरी सोंग घेतलंय, खोटं बोललंय, आणि ते निभावता निभावता त्याची तारांबळ उडतेय. यात हसू माणसाच्या अवस्थेवर येतं, त्याच्या शरीरावर नाही, आणि तो आपल्यातलाच एक वाटतो कारण खोटं लपवताना आपली पण अशीच फे फे उडते. शिवाय प्रेक्षकाला सगळं आधीच माहीत असतं, पडद्यावरच्यांना नसतं, आणि लहान मुलांना हे भयंकर आवडतं, आपल्याला माहितीये आणि त्या मोठ्या माणसाला माहीत नाही!

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) बद्दल मी नवीन काय सांगणार, पण घोळ म्हणजे काय ते त्यातच सगळ्यात चांगलं दिसतं. चार मित्र, पुण्यात राहायला जागा नाही, घरमालकीणबाई फक्त जोडप्यांनाच खोली देणार, म्हणून दोघांनी बायकांचं सोंग घ्यायचं. सचिन पिळगांवकरांचा हा पिक्चर हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' वरून घेतलेला, पण वसंत सबनीसांच्या संवादांनी तो इतका आपला झालाय की मूळ कोणाला आठवतही नाही. माझी लेक पहिल्यांदा बघत होती तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून आले की दर वेळी उभी राहून टीव्हीला सांगायची, अहो आजी तो काका आहे, काका आहे तो! आणि तिची आजी मागून म्हणायची, अगं त्यांना नाही ऐकू जात तुझं. तो सीन संपला तरी दोघी हसत होत्या. थोडे थट्टेचे इशारे आहेत त्यात, पण ते मुलांच्या डोक्यावरून जातात आणि आजीला चालतात, एवढी सूट आमच्या घरात आहे. तुमच्या घरात नसेल तर तुम्ही ठरवा.

हिंदीत याच जातीचे 'चुपके चुपके' (१९७५), 'गोलमाल' (१९७९) आणि गुलजारांचा 'अंगूर' (१९८२). चुपके चुपकेमध्ये वनस्पतिशास्त्राचा प्रोफेसर ड्रायव्हर बनून बायकोच्या जिजाजींच्या घरात शिरतो आणि त्यांच्या शुद्ध हिंदीच्या अभिमानाची परीक्षा बघतो. यातली भाषेची गंमत सहा वर्षांच्या मुलीला कळणार नाही, पंधरावाल्याला मात्र पहिली दहा मिनिटं कुरकुर केल्यावर कळली आणि नंतर तो आठवडाभर तसलं हिंदी झाडत होता घरात. गोलमालमध्ये मिशीवरून सगळा घोळ, अमोल पालेकर आणि उत्पल दत्त. पण सर्च करताना साल टाकाच, कारण याच नावाचा २००६ चा वेगळाच पिक्चर आहे आणि त्याचं पुढचं सगळं खानदान पण आहे, त्याचा स्वभाव अगदी वेगळा. फक्त नाव टाकून पहिलं जे दिसलं ते लावलं असं करू नका, हे सगळ्याच जुन्या नावांना लागू आहे, हल्ली नावं सर्रास परत वापरतात.

जुना म्हणजे सोज्वळ असंही धरून चालू नका हं. हे आपल्याकडे फार पक्कं बसलेलं आहे डोक्यात, ब्लॅक अँड व्हाइट आहे ना मग लावा बिनधास्त. आचार्य अत्र्यांनी लिहिलेल्या 'ब्रह्मचारी' मध्ये, म्हणजे १९३८ साली, नायिका मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणतात आणि तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली होती. दादा कोंडक्यांनी अख्खा महाराष्ट्र पोट धरून हसवला, त्यांच्या ओळीने नऊ पिक्चरांच्या रौप्यमहोत्सवाची गिनीज बुकात नोंद आहे, माझ्या वडिलांचं तर दैवत, पण ते द्वयर्थी आहे आणि ते त्यांचं बलस्थानच होतं, ते मोठ्यांनी मोठ्यांसोबत बघावं. सहा वर्षांच्या मुलीने 'म्हणजे काय?' विचारलं की खोलीतल्या सगळ्यांनी छताकडे बघायचं, यात कोणालाच मजा नाही.

जुन्यात ज्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवते ते म्हणजे राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' (१९५२) आणि पु.लं.चा 'गुळाचा गणपती' (१९५३). पु.लं.नी त्यात लिहिणं, दिग्दर्शन, काम, संगीत सगळं केलंय, आणि भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी' याच पिक्चरमधलं आहे, सासूबाई ते लागलं की डोळे मिटून घेतात. पण खरं सांगते, हे मुलांना एकदम पूर्ण दाखवायला जाऊ नका. गती वेगळी आहे, आवाजाची प्रत बेताची, मुलं अर्ध्या तासात उठून जातात आणि मग आजी हिरमुसते, आमच्याकडे झालं तसं. मी आता रविवारी दुपारी त्यातली पंधरा-वीस मिनिटं लावते, आजी गोष्ट सांगते पुढची-मागची, आणि मुलांना हवं असेल तर पुढचं पुढच्या रविवारी. आपोआप मालिकाच होते.

मुलं आणि आजी दोघांना एकाच सेकंदाला हसवणारा माणूस म्हणाल तर चार्ली चॅप्लिन. भाषाच नाही, त्यामुळे ऐकू येण्याचा प्रश्न नाही, सबटायटल वाचता येण्याचा प्रश्न नाही. मधेमधे पाट्या येतात त्या मुलगा मोठ्याने मराठीत वाचून दाखवतो, आणि हे काम दिल्यापासून त्याचं बोअर होणं बंद झालंय. 'द किड' (१९२१) तासाभराचाच आहे. त्यात तो छोटा मुलगा रस्त्याने दगड मारून लोकांच्या खिडक्यांच्या काचा फोडत जातो, आणि थोड्या वेळाने मागून चार्ली पाठीवर काचा बांधून येतो, काचा बसवणारा! एवढंच. सासूबाईंना ते कळलं त्याच क्षणी माझ्या लेकीलाही कळलं, दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि जे हसल्या, मी पिक्चर सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. मुलाला चार्लीपासून ओढून नेतात तो सीन मात्र रडवतो, लहान मूल असेल तर त्याला जवळ घेऊन बसा. 'द सर्कस' (१९२८) मध्ये तो सिंहाच्या पिंजऱ्यात अडकतो ते पण असंच सगळ्यांचं. फक्त एक बघा, या पिक्चरांच्या नेटवर ढीगभर कॉप्या आहेत, काहींवर भलतंच संगीत चिकटवलेलं असतं, काहींचा वेग वाढवलेला असतो, चित्र स्वच्छ असलेली शोधून ठेवा.

पडापडीचे इंग्रजी पिक्चर लावणार असाल तर त्यातला मार बघा. 'होम अलोन' (१९९०) आमच्या मुलांचा लाडका, पण त्यात चोरांच्या तोंडावर रंगाचे डबे आदळतात, आणि दुसऱ्या दिवशी भाच्याने जिन्याला दोरीने पाण्याची बाटली टांगली होती. मी ओरडले नाही, बसवून सांगितलं की तिथे ते खोटे डबे असतात आणि मार खायला शिकलेली माणसं असतात. हे पिक्चरच्या आधी सांगायला हवं होतं.

अलीकडच्या मराठीत परेश मोकाशींचे दोन पिक्चर माझ्या यादीत अगदी वर आहेत. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९), दादासाहेब फाळके पहिला पिक्चर कसा काढतात त्याची गोष्ट, दीड तासाच्या थोडी पुढे. सिनेमात काम करतो म्हणून सांगायची लोकांना लाज वाटायची म्हणून फाळके नटांना सांगायचे, विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा, आणि बायकांची कामं करणारे पुरुष मिशा काढायला तयार नाहीत यावरून जे काही चालतं ते बघताना आमच्या तिन्ही पिढ्या हसत होत्या. अख्खं फाळके कुटुंब त्या वेडात कसं उतरतं ते बघायला फार छान वाटतं. दुसरा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४), पंढरपूर, कार्तिकीची गर्दी, घरची ओढाताण, आणि वडिलांनी बनवलेली सायकल विकावी लागू नये म्हणून पोरांनी केलेला खटाटोप. बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. ज्यांच्या घरात वारी आहे त्यांनी आजी-आजोबांना मधे बसवून बघा, ते मुलांना वाळवंट, गर्दी, चुरमुऱ्यांचा प्रसाद असं सगळं सांगत राहतात.

पण म्हणून दिग्दर्शकाचं नाव बघून डोळे मिटून लावू नका. याच मोकाशींचा 'वाळवी' (२०२३) जबरदस्त आहे, मी आणि नवरा दोघं खुर्चीच्या टोकावर बसून बघितला, पण तो नवरा आणि प्रेयसी मिळून बायकोचा काटा काढायचा बेत करतात त्याचा पिक्चर आहे, मुलं झोपल्यावरचा. तसंच 'झपाटलेला' (१९९३), आपल्याला लक्ष्या आठवतो, पण रामदास पाध्यांचा तो तात्या विंचू बाहुला लहान मुलांना खरंच रात्रभर झोपू देत नाही, आठ-नऊ वर्षांपर्यंत थांबा. आणि 'व्हेंटिलेटर' (२०१६) इतका खरा आणि हसवणारा आहे, गणपती तोंडावर आणि घरातलं मोठं माणूस आयसीयूत, सगळं गणगोत हॉस्पिटलात गोळा, पण घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर वर्षभर नको.

आता बारीकसारीक. पिक्चर साडेआठला सुरू झाला पाहिजे, साडेनऊला सुरू केलेला कॉमेडी पिक्चर म्हणजे अर्धी मुलं झोपलेली आणि आजी जांभया देतेय. दीड-पावणेदोन तासांचा निवडा. सबटायटल लावा, मराठी पिक्चरलाही, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना फार फरक पडतो, आणि मराठी सबटायटल असतील तर उत्तमच. माझी बहीण टोरंटोला असते, तिची मुलं मराठी बोलतात पण भरभर बोललेलं कळत नाही, तिथे ती इंग्रजी सबटायटल लावते आणि जोक झाला की थांबवून एकदा मराठीत सांगते, वेळ लागतो पण मुलांची भाषा टिकतेय. आवाज एकसारखा ठेवा, हल्लीच्या पिक्चरांत बोलणं हळू आणि पार्श्वसंगीत कानठळ्या, टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद मोठे करायचा पर्याय बऱ्याचदा असतो तो शोधा. पिक्चर आज एका ओटीटीवर असतो आणि दोन महिन्यांनी गायब, त्यामुळे शुक्रवारी आहे की नाही बघून ठेवा. मराठी जुने बरेचसे निर्मात्यांच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर मिळतात, तेच बघा, चोरून चढवलेल्या कॉप्यांत गाणी कापलेली आणि चित्र उलटं केलेलं असतं.

निवडायचं काम एकाचंच ठेवू नका. आम्ही पाळी लावलीये, दर शनिवारी एकाची, आणि निवडणाऱ्यावर एकच अट, खोलीतल्या कोणावर हसू येत असेल असं लावायचं नाही. मुलाला आधी वाटलं हे बोअर होणार, पण त्याने स्वतः शोधून 'अंगूर' लावला, दोन-दोन जुळे, आणि सगळ्यात जास्त तोच हसला.

आणि एवढं करूनही मधेच काहीतरी नको ते येतंच कधीतरी. तेव्हा पटकन फॉरवर्ड करून गप्प बसायचं नाही, त्याने मुलांचं कुतूहल दुप्पट होतं. थांबवायचं, सरळ म्हणायचं की हे मला आवडलं नाही, आपण पुढे जाऊया, किंवा बदलूया. दोनदा आम्ही पिक्चर अर्ध्यात बंद करून पत्ते काढलेत, कोणी काही बिघडलं असं म्हणालं नाही.

एक वही ठेवलीये टीव्हीच्या कपाटात, शाळेची उरलेली. पिक्चरचं नाव, साल, कुठे मिळाला, कितव्या मिनिटाला काय, आणि कोण कुठे हसलं. ती आता भाचा लिहितो, अक्षर त्याचं चांगलं आहे. 'द किड' समोर त्याने लिहिलंय: आजी – काचवाला, चिमी – काचवाला, दादा – झोपलेला पण नंतर हसला, मी – सगळं. येत्या शनिवारी पाळी त्याची आहे, काय लावणार ते अजून सांगत नाहीये, फक्त मला फोन करून विचारलं की मामी, शेवटपर्यंत बघून ठेवू ना?